ला रोशचे घर, लाल जीप आणि मे महिन्यातली कामे यांची व्यवस्था

मी, ओदील सॅव्हरिन, कै. लेनॉक्स सॅव्हरिन यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, जन्मभर बंदरावर टॅक्सी चालवून आता घरी बसलेली, राहणार ला रोश, डॉमिनिका, स्वखुशीने लिहून ठेवते की माझे गुडघे गेले असले तरी बुद्धी जागेवर आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही; आणू पाहणाऱ्याचे काय झाले असते ते गाव जाणते. याआधी मी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

एक. माझी मुलगी जॉसलीन माँट्रियलला असते. बँकेतील शिल्लक, सोन्याचे डूल आणि शिवणयंत्र तिचे. घर तिला लगेच मिळणार नाही, हे मी तिला फोनवर सांगितले आहे. ती म्हणाली, "आई, मला इथला बर्फ आवरत नाही, तिथलं वादळ कुठे सांभाळू?" पोरीला माझी अक्कल आहे.

दोन. शेजारीण मिस फिलिस हिला माझी लांब दांड्याची करवत. तिच्या आंब्याच्या फांद्या माझ्या छतावर झुकतात. दर मे महिन्यात मी तोड म्हणते आणि ती म्हणते, "अगं, कैऱ्या लागल्यात, आता कशी तोडू?" यापुढे निदान करवत नाही ही सबब चालणार नाही.

तीन. लाल जीप चर्चला, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेण्यासाठी. विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नये. वादळाचा इशारा आला की जीप शाळेमागच्या उंच पटांगणात, झाडांपासून दूर उभी करावी. फादरांनी "देव राखील" म्हणून हात झटकू नयेत. देव राखतोच, पण हँडब्रेक आपण ओढायचा असतो.

चार. आता घर.

हे घर लेनॉक्सने बांधले. छत चारही बाजूंनी उतरते आणि प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने भिंतीला आवळलेला आहे. तो गेल्यावर दरवर्षी जूनच्या आत, वादळांचा हंगाम लागण्यापूर्वी, खिडक्यांच्या झडपांना तेल घालणे, पन्हळी साफ करणे, पिंपे भरणे आणि घराच्या व गाडीच्या विम्याचा हप्ता भरणे, हे मीच करीत आले. माझा धाकटा भाऊ क्लॉड्यस लाविल, धंदा सुतारकाम, याचे घर माझ्या वरच्या अंगाला. तो कुंपणावर कोपरे टेकून बघायचा.

"अक्का, त्या कंपनीशी लग्न लावलंयस का गं? दरसाल आहेर पाठवतेस!"

"तुझ्या छताला पट्ट्या मार आधी."

"मी सुतार आहे. माझा खिळा वाऱ्याच्या बापाला निघत नाही."

मग ते मोठे तुफान आले. सकाळीच क्लॉड्यस माझ्या दारात हजर. काखेत डुकरीण, डोक्यावर अळकुड्यांच्या सूपाचे पातेले. डुकरिणीला न्हाणीघरात कोंडले आणि आम्ही सूप प्यायलो. दुपारी वरून असा काही आवाज झाला की त्याच्या हातातला वाडगा पडला. त्याचे अख्खे छत उडून माझ्या मागच्या पडवीवर आदळले आणि पडवीला घेऊन जुन्या जीपवर, म्हणजे माझ्या टॅक्सीवर, बसले. आम्ही दोघे धडधाकट होतो. डुकरिणीने मात्र माझा साबण खाल्ला.

पाणी ओसरल्यावर कंपनीचा पाहणी करणारा साहेब आला. ढिगारा पाहून त्याने मान हलवली. "बाई, ही तुमचीच पडवी. कच्ची बांधलेली दिसते. स्वतःच्या निष्काळजीपणाची भरपाई मिळत नाही." टॅक्सी नाही म्हणजे पोट नाही. अर्धे गाव पत्रे गोळा करायला आमच्याच अंगणात जमले होते, आणि त्यातल्या बहुतेकांची छते क्लॉड्यसनेच घातलेली.

तो पुढे आला. टोपी काढली.

"साहेब, ते छत माझं आहे. नुसत्या खिळ्यांवर ठेवलेलं. त्यानेच हिची पडवी मोडली. हिची पडवी पक्की होती, मोडलेल्या खांबांना पट्ट्या आहेत, या, बघा."

"तुम्हाला कसं कळतं?"

"मी सुतार आहे."

कोणी हसले नाही. ते शब्द त्याला केवढ्याला पडले हे मला माहीत आहे. माझी भरपाई मंजूर झाली. त्याला मात्र कितीतरी महिने कोणी खुंटी ठोकायलाही बोलावले नाही. तो माझ्या पुढच्या खोलीत राहिला, माझ्या नीरफणसाला नावे ठेवून दोन दोन वेळा वाढून घेत राहिला, आणि लोखंडी पट्ट्यांची पिशवी घेऊन आपण घातलेल्या प्रत्येक छताखाली जाऊन आला. लोक परत वळले. आज ला रोशमध्ये पट्टीशिवाय छत चढत नाही.

म्हणून हे घर, झडपांसह, क्लॉड्यसने हयात असेपर्यंत वहिवाटावे. त्याच्या पश्चात ते जॉसलीनचे. विमा त्याने स्वतःच्या नावे, स्वतः कचेरीत जाऊन उतरवावा. तिथल्या मुलीला मी सांगून ठेवले आहे. ती हसेल, त्याने सहन करावे.

पाच. माझ्या शवपेटीला स्क्रू लावावेत. खिळे नकोत.

सही करण्यापूर्वीची एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. वकीलसाहेब आले तेव्हा क्लॉड्यस साक्षीला बसायला इस्त्रीचा सदरा घालून आला. मी म्हटले, "तुला साक्षीदार होता येत नाही."

"का? मला सही येत नाही?"

"ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही."

"मला काय ठेवलंयस? पत्रे?"

"घर."

तो बराच वेळ खिडकीची कडी उघडत-लावत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मेल्यावरही दरसाल मला त्या कचेरीत पिटाळणार तू."

"दरसाल."

"मग घाई करू नकोस, अक्का," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून अंगणात गेला.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

सही: ओदील सॅव्हरिन

साक्षीदार:
१. फिलिस बर्टन, शेजारीण (करवतीचे कलम काढून टाकल्यावरच सही केली, करवत तिने आजच नेली, म्हणून कलम दोन रद्द)
२. ऑगस्टस पेल्तिये, निवृत्त पोस्टमन

स्थळ: ला रोश, डॉमिनिका
दिनांक: एकोणतीस मे