बधिर ओठ

३ नोव्हेंबर १९३१
दाढ उपटली. चांगली होती! डॉक्टर कल्लप्पांना परोपरीनं सांगितलं – दुखतंय कानापुढे, जबड्याच्या सांध्यात. म्हणाले, "बाई, पेन्शनीत निघालात, आता आराम करा." जन्मभर नर्सांना हाच सांधा शिकवला मी. तेव्हा हे गृहस्थ पाटी चाटत होते.

७ नोव्हेंबर
दुखणं तिथंच. मायाक्का कडक भाकरी ताकात भिजवून देते. "लई बोलता, म्हनून जबडा झिजला की!" घरकामाची बाई मला बोलते, आणि उलट बोलायला तोंड उघडत नाही! लहानपणी ‘तोंड मिट’ म्हणून ओरडणाऱ्या कॉन्व्हेंटातल्या मदरच्या मनासारखं झालं एकदाचं.

१२ नोव्हेंबर
चहा हनुवटीवरून पदरावर. कळलंच नाही. डाव्या ओठाला टाचणी टोचली – जणू दुसऱ्या कुणाचा ओठ. जिभेची डावी कडही तशीच.
डॉक्टर म्हणे, "दाढ काढताना ज्ञानतंतू दुखावला असेल."
मग कानशील का बधिर? तिथवर पोचला होता यांचा चिमटा?

१५ नोव्हेंबर
मायाक्काकडून बकऱ्याची मुंडी आणवली. नर्सांना अशीच दाखवायचे. वर्गातल्या सुक्या कवटीत मांस, तंतू कुठले?
"बाई, ह्ये शिजवायचं का शाळा घ्यायची?"
"आधी शाळा."
सांधा उघडला. आतली पांढरी गादी दिसली. जबड्याचं हाड बाजूला केलं. त्याच्या आत, कवटीच्या तळातून ज्ञानतंतू उतरतो आणि तिथंच फाटे फुटतात – एक कानशिलाला, एक जिभेला, एक हाडातून ओठाला. मायाक्कानं बोट लावलं.
"एवडाच व्हय?"
एवढाच.
माझे तिन्ही फाटे गेले. म्हणजे दाढ नाही, आणि सांधाही नाही – मीही चुकलेच. आत, फाटे फुटतात तिथंच काहीतरी वाढतंय.
रागसुद्धा आला नाही. मुंडी शिजली. रस्सा प्यायले.

१६ नोव्हेंबर
डॉक्टरांना तिन्ही फाट्यांचं सांगितलं. आज वाद घातला नाही. म्हणाले, "दुखतंय ना अजून? म्हणजे तंतू पुरता मेलेला नाही. ताबडतोब मिरजेला जा, ऑपरेशन करतील." मायाक्कानं वळकटी बांधली.

१८ नोव्हेंबर
सकाळी उठले तर दुखणं नाही. अजिबात नाही. ओठ तसाच बधिर.
मायाक्कानं बिरोबाला नारळ फोडला, गल्लीत साखर वाटली. "सुटला की बाई तुमी! आता मिरज कशाला?"
तिनं वळकटी सोडली. मी अडवलं नाही.