बांगडीच्या बाजूने

प्रिय सुचित्रा,

पाकीट उघडण्याआधी अक्षराकडे बघून थबकली असशील. हो, माझंच आहे. उजवं मनगट प्लास्टरमधून बाहेर आलं तेव्हापासून माझी अक्षरं एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपतात. फिजिओथेरपीची रबिया म्हणते, रोज हाताने काहीतरी लिहीत जा. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर वळणदार अक्षरासाठी बोटांवर पट्टी मारायच्या. बासष्टाव्या वर्षी पुन्हा त्याच बाकावर येऊन बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर माझी सोय झाली असती, पण इंग्रजीत मला तुझ्यावर नीट रागावता येत नाही. शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने काढ हवं तर. गणिताची बाई असलीस तरी तो शौक तुला पहिल्यापासून आहे.

पाच महिने होत आले, सुचित्रा. फोन उचलत नाहीस. मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतेस. उत्तर नाही. सकाळी मात्र न चुकता गुलाब येतो, त्याच्यावर 'सुप्रभात' आणि खाली कुठल्या तरी महाराजांचं वाक्य. मी काय तुझ्या नाशिकच्या सोसायटीची चेअरमन आहे? इथे कुवेतमध्ये, साल्मियाच्या त्या बिल्डिंगच्या बंद पडलेल्या लिफ्टमध्ये आपली ओळख झाली, तेव्हा तू पोटुशी होतीस आणि मी तुझ्या पिशवीतली सगळी काकडी खाल्ली होती. आज तुझा अर्णव बत्तीस वर्षांचा घोडा झाला आहे. इतक्या वर्षांनंतर मला गुलाब? शिव्या दे, पण गुलाब देऊ नकोस.

इकडे जून लागला आहे, म्हणजे काय ते तुला माहीत आहे. खिडकीबाहेर सगळं पिवळट, समुद्र कुठे संपतो आणि धूळ कुठे सुरू होते ते कळत नाही. मी स्वयंपाकघरातून बाल्कनीच्या काचेपर्यंत जाते आणि परत येते. अरुण म्हणतो, "योगिनी, बस ना जरा, फरशी झिजेल." मी म्हटलं, भाड्याची आहे, झिजू दे. क्षितिजा बँकेतून येताना डोकावते आणि मी पुन्हा थायलंडचा विषय काढला की, "मॉम, सीरियसली?" एवढं म्हणून फोनमध्ये तोंड घालते. माझ्याच पोटची पोर, आणि मला 'सीरियसली' विचारते. मी आयुष्यात दुसरं काही केलं आहे का? शर्कच्या त्या शिपिंग ऑफिसात मी सत्तावीस वर्षं सीरियसली टायपिंग केलं.

इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना मी पाच महिने पुरले आहे. "साठीनंतर पाठीला सॅक लावून मोपेडवर! शोभतं का?" हे रेखाचं मत. तोंडावर नाही म्हणाली, वडापावच्या स्टॉलमागून म्हणाली, पण आवाज रेखाचा आहे, तो शारजापर्यंत जातो. "बिचाऱ्या सुचित्राला उगाच नादी लावलं," हेही तीच. ह्याच रेखाने गेल्या वर्षीच्या संक्रांतीला कुंकवाचा करंडा तुझ्यासमोरून इतका अलगद पुढे नेला होता, की मला आधी वाटलं चुकून राहिलं. तू हातातल्या वाणाच्या प्लास्टिकच्या डब्याकडे बघत हसत राहिलीस. शत्रुघ्नरावांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी घरी येऊन अरुणवर ओरडले, त्याचा काही संबंध नसताना. थायलंडला जायचं माझ्या डोक्यात त्याच दिवशी आलं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तुला वाटलं, स्वस्त तिकिटं मिळाली.

मला अजून ते पहिल्या दुपारचं ऊन आठवतं, थायलंडमधल्या नान गावच्या त्या मोपेडच्या दुकानासमोरचं. आजूबाजूला सगळी गोरी पोरं, दंडांवर गोंदलेली, आणि मध्ये आपण तिघी: सलवार-कमीज, बूट आणि नातवंडांच्या शाळेला शोभतील अशा सॅका. तुझ्या सॅकमध्ये इस्त्री निघाली. आपल्या नर्सबाई बिल्कीसच्या सॅकमधून सुकटीच्या चटणीचा वास येत होता आणि दुकानदाराचं मांजर तिला सोडायला तयार नव्हतं. दोन मोपेडी घेतल्या. एक बिल्कीसला एकटीला, कारण तिच्यामागे बसायला जागाच उरत नव्हती. दुसरी आपल्या दोघींत, आळीपाळीने. मी पुण्यात कॉलेजला असताना लूना चालवली होती, तेवढ्या भांडवलावर तुला मी शिकवलं. दोन दिवस त्या गल्लीत तू कोंबड्यांना पळवत होतीस.

खरा घोळ वेगळाच होता, आणि तो आपल्यासारख्याच बायका घालणार. तू आणि बिल्कीस, दोघींनी स्टिअरिंग पहिल्यांदा हातात घेतलं ते कुवेतमध्ये. आयुष्यभर रस्त्याच्या उजव्या बाजूने गेलात. तिथे सगळं डाव्या बाजूने. आपल्या देशासारखंच म्हणा, पण आपल्या देशात तुम्ही कधी रिक्षाच्या बाहेर होतात? तेव्हा बिल्कीसने सॅकमधून काचेच्या हिरव्या बांगड्या काढल्या. तिची रत्नागिरीची मुकादमीण आजी डोक्यात काय काय भरून गेली आहे देव जाणे, ती प्रवासाला बांगड्यांशिवाय निघत नाही. "अगो, डाव्या हातात एकेक चढवा. वळण आला का हाताकडं बघायचा. बांगडीच्या बाजूनं जायचा, संपला!" मी घातली. तू शाळेतल्या पोरीसारखे दोन्ही हात मागे नेलेस. काचेची नको म्हणालीस, आणि हिरवी तर नकोच. बिल्कीसने तुझा हात मागून ओढून काढला. "माझे मिस्टर जाऊन नऊ वर्षं झाली. बांगडीला काय ठाऊक, घरात कोण आहे नि कोण नाही?" आणि नर्सबाई इंजेक्शन देतात तशी, तुला कळायच्या आत, घालून मोकळी झाली.

नंतरचे तीन दिवस मी तुझ्यामागे बसून बघत होते. वळण नसतानाही तू हाताकडे बघत होतीस. भाताच्या कापलेल्या शेतांमधून तो अरुंद रस्ता, सकाळचं धुकं, देवळाच्या दारात भिक्षूंच्या पात्रात भात घालणाऱ्या म्हाताऱ्या, आणि पुढे तू, हेल्मेटमध्ये काहीतरी बेसूर गुणगुणणारी. केळीच्या पानातला चिकट भात घेतला तेव्हा त्या बाईने तुझ्या बांगडीला बोट लावून काहीतरी विचारलं. तिला काय कळणार होतं, पण तू तिला मराठीत सांगितलंस, "हो, माझीच आहे." ते ऐकून मी तोंड फिरवलं, डोळ्यांत धूळ गेल्याचं निमित्त करून. त्या हिरव्यागार खोऱ्यात कुठली आली धूळ?

आपल्याला त्या मिठाच्या गावाला जायचं होतं. डोंगरात, समुद्रापासून इतक्या लांब, विहिरीतून खारं पाणी काढून चुलीवर आटवतात असं गाव. तू म्हणालीस, आयुष्यभर समुद्राचं पाणी गोडं करून प्यालो, एकदा मीठ कसं काढतात तेही बघू. नाही पोचलो. तिथे पोचायच्या आदल्या दिवशी आपण शेतात पडलो.

आता मी हे आज का उकरून काढते आहे ते सांगते. गेल्या शनिवारी अरुणच्या गाडीचा बाजूचा आरसा कुणीतरी उडवला. एजन्सीवाले म्हणाले, दोन महिने थांबा. म्हणून तो मला घेऊन अम्गराला गेला, भंगारच्या यार्डात जुना आरसा शोधायला. घरात फेऱ्या मारण्यापेक्षा बरं म्हणून मीही निघाले. मेलेल्या गाड्यांच्या रांगाच रांगा, वर ऊन, कुठे दार नाही, कुठे तोंड नाही. आणि एका रांगेच्या टोकाला तुझी गाडी. चंदेरी, मागच्या काचेवर तुझ्या शाळेच्या पार्किंगचा स्टिकर, आणि आत सूर्यफुलांचं चित्र असलेला तो बावळट सनशेड. इंजिन काढून नेलं होतं. मी दार उघडलं आणि आत बसले. गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट अजून तुझ्या मापाची होती, पुढे ओढलेली, तुझे पाय पोचावेत म्हणून. अरुण उन्हात उभा राहून हाका मारत होता, "अगं, बाहेर ये, भाजशील!" मी बाहेर येईना. मला इतका राग आला होता सुचित्रा, की त्या भट्टीत मला गरमही होत नव्हतं.

राजीनामा दिलास, इथे राहायचा इकामा रद्द करून घेतलास, नाशिकला जाऊन मुलाच्या घरातली एक खोली धरलीस, हे सगळं मला इतरांकडून कळलं. ते गिळलं मी. पण गाडी? त्या गाडीसाठी तर मी खोटं बोलले होते!

लिहून टाकते, एकदाच. त्या सकाळी अर्णवचा व्हिडिओ कॉल यायचा होता, त्याच्या सासूबाईही असणार होत्या. तू बांगडी काढलीस, रुमालात गुंडाळलीस आणि सॅकच्या खिशात ठेवलीस. मी बघितलं आणि बुटाच्या नाड्या बांधत बसले, कारण मी बघितलेलं तुला नको होतं. कॉल झाला, सासूबाई हसल्या, सगळं छान झालं. नंतर चालवायची पाळी तुझी होती. गल्ली संपून मोठा रस्ता लागला आणि तू हाताकडे बघितलंस. तिथे काही नव्हतं. तू उजव्या बाजूला वळलीस, जशी रोज बिल्डिंगमधून निघताना वळायचीस. आणि ऐक, मी मागे बसले होते, लूनावाली, आणि मलाही ते अगदी बरोबर वाटलं. समोरून कोबीने भरलेला तो पिकअप येईपर्यंत मलाही बरोबरच वाटत होतं. तू मोपेड शेतात घातलीस म्हणून आपण दोघी आज आहोत. तुला खरचटलंसुद्धा नाही. माझं मनगट तेवढं गेलं, आणि माझ्या बांगडीची काच डाव्या हातात घुसली. चिखलात बसून तू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, "अर्णवला सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. दवाखान्यातून अरुणला फोन लावला, त्याने पहिला प्रश्न विचारला, कोण चालवत होतं, आणि मी म्हटलं, मीच. बिल्कीसने माझ्याकडे बघितलं आणि कापूस शोधायला निघून गेली. ह्यात त्याग वगैरे काही नव्हता, तसलं काही डोक्यात घेऊ नकोस. मला फक्त तुझ्या गाडीची किल्ली तुझ्याकडे राहायला हवी होती. शत्रुघ्नराव गेल्यापासून अर्णव मागे लागला होता, आई, ह्या वयात एकटी नको, ड्रायव्हिंग नको, इकडे ये. त्याला निमित्त मिळू नये म्हणून मी अरुणची बोलणी खाल्ली, लेकीचं 'सीरियसली' खाल्लं, रेखाचा वडापाव खाल्ला. आणि तू? कुणी न मागता, आपण होऊन भंगारवाल्याला किल्ली नेऊन दिलीस. मला शिक्षा झाली ती फुकट घालवलीस, आणि वर स्वतःला वेगळी शिक्षा करून घेतलीस.

तू फोन का उचलत नाहीस ते मला कळतं. मी मेले असते, हे तुझ्या मनात चालू असतं. मेले नाही. मनगट तेवढं पूर्ण वळत नाही, आणि रबिया म्हणते, वळणारही नाही. आणि अर्णवला खरं सांगून मोकळं व्हायची टूम काढू नकोस. ते खोटं माझं आहे, मला ते आवडतं, मी ते कुणाला देणार नाही.

पत्र लिहिलं ते हाताच्या व्यायामासाठी नाही. डिसेंबरमध्ये मी पुन्हा नानला जाते आहे. अरुणला विचारलं नाही, सांगितलं. तू मुंबईहून ये, आम्ही इथून येतो, बँकॉकला भेटू. मिठाचं गाव राहिलं आहे. अडचण एवढीच आहे, की अॅक्सिलरेटर पिळायला हे मनगट आता कामाचं नाही, आणि बिल्कीसच्या मागे जागा नाही ते तुला माहीत आहे. म्हणजे मला मागे बसवून नेणारी एकच बाई उरते, आणि ती नाशिकला बसून गुलाब पाठवते आहे. दुसऱ्या कुणाच्या मागे मी बसणार नाही. तू चालवणार नसशील तर मी जाणार नाही, आणि मग ही फरशी झिजवत मी कुणाच्या नावाने बोटं मोडीन ते ओळख. हे पत्र मी पोस्टाने पाठवलं नाही, कारण तेही तू दोन निळ्या खुणा करून ठेवून दिलं असतंस. बिल्कीस गावी निघाली होती, तिला म्हटलं, रत्नागिरीहून वाट वाकडी करून नाशिकला जा आणि तिचं वाचून होईपर्यंत तिच्यासमोरून हलू नकोस. ती आत्ता तुझ्यासमोर चहा पीत बसली असेल. तिच्या पर्समध्ये कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या आहेत, तुझ्या मापाच्या. अर्णवच्या सासूबाई तिथेच बसलेल्या असतील तर फारच उत्तम. डावा हात पुढे कर.

तुझ्याच मागे बसणारी,
योगिनी