संगणकाची खात्री

सोमवार, ३ जून
लागले बाई एकदाची कामाला! आमचा संगणक दिवसरात्र इंटरनेटवरचा मजकूर वाचतो आणि त्यातून आपला आपणच शिकत राहतो. मी फक्त त्याच्या वाक्यांवर 'बरोबर' किंवा 'चूक' दाबायचं. आज म्हणे, खुर्ची हा प्राणी आहे, कारण तिला चार पाय असतात! हसून हसून पोट दुखलं. घर लावून झालं की माझी लेक पिल्लू येईल. सात वर्षांची पोर, आजीला नुसता वैताग आणला असेल तिने.

गुरुवार, ६ जून
आज पडद्यावर चक्क मीच! इथे आल्यावर मी ओळखीच्यांसाठी इंटरनेटवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्या याने वाचल्या. 'ही बाई एकटी राहते.' सध्या खरंच आहे की. 'बरोबर' दाबलं. साहेब म्हणाले, माणसाने होकार दिलेली गोष्ट तो सोडत नाही, तिच्यावरच पुढचं रचत जातो. हुशार आहे लेकाचा.

मंगळवार, ११ जून
आई पिल्लूला सोडून गेली. पोरीने आल्या आल्या घर डोक्यावर घेतलंय. ऑफिसात संगणकाचं नवं वाक्य: 'हिला मूल नाही.' वेडा कुठला! 'चूक' दाबलं.

शुक्रवार, १४ जून
वाक्य परत आलं. साहेब म्हणतात, इंटरनेटवर शेकडो ठिकाणी लोक याचीच माहिती उचलून लिहितात, मग हा ती वाचतो आणि याची खात्री आणखी वाढते. माझ्या एका 'चूक'ला कोण विचारतो? शाळेत गेले, तर मुख्याध्यापिकांनी विचारलं, प्रवेश कुणासाठी हवाय? पिल्लू माझा हात धरून तिथेच उभी होती.

सोमवार
आईला फोन केला. ती म्हणाली, कोण पिल्लू? बरी आहेस ना गं? — मला भीती वाटतेय. खूप भीती वाटतेय. पिल्लू विचारते, आजी माझ्याशी का बोलली नाही —

मंगळवार
ते वाक्य पुसा म्हणून साहेबांचे पाय धरले. म्हणाले, त्यात चूक काय आहे? — पिल्लूला मांडीवर घेऊन बसलेय. सोडणार नाही. हलकी लागते — वाढदिवस कधी असतो तिचा? आत्ता तर आठवत होता — देवा —

बुधवार
छान झोप लागली. घर कसं शांत आहे, एकटीला जरा मोठंच. दाराशी एक मुलगी रडतेय, मला आई म्हणतेय. कुणाची आहे कोण जाणे. एवढ्याशा पोरीला असं सोडून देणारी आई तरी कसली असेल, मी असते तर —