फाटकातली हाक

१२ सप्टेंबर १९९४, के. आर. पुरम

आले एकदाची! नगरहून निघाल्यावर गाडी इतक्या ठिकाणी रेंगाळली की बंगळूर नावाचं गाव खरंच आहे की नाही, अशी शंका यायला लागली होती. मिशनचं पाहुणेघर छान आहे. मागे फणस, पुढे हिरवं फाटक. कागदपत्रं झाली की इथूनच आफ्रिकेत, मलावीच्या मिशन दवाखान्यात नर्स म्हणून जायचं. आमच्या चर्चच्या मंडळीतून परदेशी सेवेला निघालेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे आई सगळ्या नगरभर मिरवत असेल. व्यवस्थापक मानसिंगअण्णा शांत गृहस्थ आहेत. स्वयंपाकाला तुंगाबाई, इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. मला 'अक्का' म्हणतात आणि भात वाढताना हात आखडत नाहीत.

१९ सप्टेंबर

पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, दंड सुजलाय. दाखला नंतर मिळेल म्हणाले. पासपोर्ट व्हिसासाठी इंदिरानगरच्या ट्रॅव्हल ऑफिसात अडकलाय. तिथला मोहनकुमार रोज 'स्वल्प थांबा मॅडम' म्हणतो. घोडं कुठं पेंड खातंय ते काही सांगत नाही. तोवर मी साबण, टॉर्चचे सेल, सुईदोरा असली खरेदी करत फिरते. आफ्रिकेत सुई मिळत नाही अशी आईची खात्री आहे. दोन पांढरे युनिफॉर्मही शिवायला टाकलेत.

२७ सप्टेंबर

उद्या निघायचं! युनिफॉर्म आणि दाखला राहिलाय, ते अण्णा मागून पाठवतील म्हणाले. संध्याकाळी निरोपाची उपासना झाली. प्रत्येकानं डोक्यावर हात ठेवला, मला रडू आवरेना. मग या घराची एक जुनी रीत कळली. निरोप घेतलेलं माणूस काही कारणानं परत आलं, तर त्यानं फाटकाबाहेर थांबायचं. आतल्यानं नावानं हाक मारायची, त्यानं ओ द्यायची, मगच आत यायचं. तुंगाबाई म्हणाल्या, "न बोलावता आत आलात तर नाव बाहेर राहतं, अक्का. बाहेर ते घेणारे पुष्कळ असतात." मानसिंगअण्णांनीही मान डोलावली तेव्हा मात्र मला हसू फुटलं. रोज बायबल वाचणाऱ्या माणसानं असलं काही मानावं!

२८ सप्टेंबर

गेले तशी आले. सुरतेत प्लेग, म्हणून आखाती देशांनी आपली विमानं बंद केली, आणि माझं तिकीट नेमकं तिकडूनच. विमानतळावर दिवसभर ताटकळले. पासपोर्ट, तिकीट पुन्हा मोहनकुमारच्या हवाली करून परतले. फाटकाशी कोणी नव्हतं. पाय दुखत होते, बॅग जड होती. कोणाची वाट बघत बसणार? मागच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात शिरले. तुंगाबाईंच्या हातातली पळी खाली पडली. मी हसून दाखवलं, तर त्यांनी पाठ फिरवली.

३० सप्टेंबर

जेवणाच्या टेबलावर माझं ताट नव्हतं. मीच आणून बसले, तशी बाकीची माणसं उठली. प्लेगला घाबरतात म्हणावं, तर मला साधा खोकलाही नाही. कोणी नावानं बोलत नाही, तुंगाबाई 'अक्का'सुद्धा म्हणत नाहीत. घर फिरलं की वासेही फिरतात, ते असं. फार राग येतो. रात्रीच्या प्रार्थनेत अण्णांनी "प्रवासाला गेलेल्या अंजलीला" सांभाळ म्हणून देवाला विनवलं. मी त्यांच्या समोरच बसले होते.

३ ऑक्टोबर

लसीचा दाखला आणायला गेले. तिथली बाई खेकसली, आत्ताच तर घेऊन गेलात, किती वेळा येणार? शिंप्याकडे गेले. तोही तेच. युनिफॉर्म मीच सकाळी नेले म्हणे. अंगाला बरोबर बसला म्हणून एक तिथूनच घालून गेले म्हणे.

मी सकाळी खोलीतच होते.

५ ऑक्टोबर

इंदिरानगर. दुसऱ्या मार्गानं तिकीट झालंय. तिकीट, पासपोर्ट, दोन्ही काल दिलं म्हणतो मोहनकुमार. मलाच दिलं. फोटो ताडून पाहिला होता. वर म्हणतो, काल चांगल्या बोलत होता तुम्ही. मी ओरडले. शिपायानं दंड धरून बाहेर काढलं. लोक बघत राहिले, कोणी मधे पडलं नाही.

६ ऑक्टोबर

तुंगाबाईंचे पाय धरले. एकदा हाक मारा, नुसतं अंजली म्हणा. त्या माझ्याकडे बघेनात. शेवटी भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलल्या, "उद्या दिवे लागताना बाहेर उभं राहावं. मी हाक मारते. पण पहिली ओ जिची, नाव तिचं."

इथल्यासारखं 'सरी' म्हटलं, म्हणजे बरं.

७ ऑक्टोबर

फाटकाबाहेर उभी आहे. वही भिंतीवर टेकवून लिहितेय. आत सगळे जमलेत — अण्णाही — माझी बॅग व्हरांड्यात कोणी आणली —

टॅक्सी येऊन थांबली. कोणासाठी —

तुंगाबाई पायरीवर आल्या —

हाक मारली. अंजलीअक्का. किती दिवसांनी —

मी तोंड उघडलं — पण ओ आधीच — माझ्या मागून — माझ्याच आवाजात —

पांढरा युनिफॉर्म. मला घासून आत गेली. अण्णा हसले, डोक्यावर हात ठेवला — माझ्याकडे कोणी बघत नाही — बॅग उचलली —

आई, तिचा फोन येईल. आवाज माझाच असेल. तू ओ देऊ न