माझ्या नावची मोटार आन् बारामतीची वाट

मी रतन संभाजी थोरवे, वय अंदाजे बावीस, राहणार लासुर्णे, शाळा दुसरीपत्तोर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिवती. मधलं नाव मी तोंडानं घेत न्हाय, पर लिवायला चालतं असं मास्तर म्हणाले. डोकं जागेवर हाय. नववा म्हैना लागलाय म्हणून भ्या वाटतंय, तेवढंच.

माझी मालमत्ता: एक शेळी, चांदीचे दोन तोडे, एक शेणाची पाटी आन् एक मोटार.

मोटार वाचून हसू नये. कागदावर मी मालकीण हाय, पर मोटार माझी न्हाय. ती बागायतदार मोहनरावांची. माझे घरधनी ती चालवत्यात. मोहनरावांचा भावांबरूबर वाटणीचा दावा इंदापूरच्या कोर्टात चाललाय, म्हणून मोटार त्यांना सोताच्या नावावर नको हुती. वस्तीवर सही येणारी बाई मी एकटीच, आन् मला त्या सहीचा लई ताठा. बॉनेटवर कागद ठिवून दोनदा सही केली, एक नोंदणीची, एक विम्याची. अक्षर चांगलं आलं म्हणून दिसभर खूश हुते. मोटारीला माझा हात लागला तो तेवढाच. आत कधी बसले न्हाय.

विमेवाला म्हणाला, काच फुटली, चाक मोडलं, तर कंपनी भरून देती. मी इचारलं, "आन् मालकीण मोडली तर?"

"बाई, विमा मोटारीचा हाय," तो म्हणाला.

परवा मोहनराव दारात आले. मला वाटलं माझ्या काळजीनं आले, म्हणून चहा ठिवला. ते म्हणाले, "रतन, दिस भरत आलेत. बाळंतपणाचं काय सांगता येत न्हाय. मोटारीचं लिवून ठेव." मी म्हणाले, मालक, मग त्याच मोटारीतनं मला बारामतीच्या दवाखान्यात सोडा. तर म्हणाले गादी खराब हुईल, बैलगाडी देतो. घरधनी मोटारीची काच पुसत राह्यले. ते मालकापुढं बोलणार न्हाईत.

मागल्या खेपेला बैलगाडीच हुती. वाटंतच, सणसरला, पोरगा झाला आन् तितंच गेला.

तर आता वाटप.

शेळी आन् तोडे माझ्या लेकीला, नकोशीला. नाव सासूबाईंनी ठिवलंय. मला ती हवी हुती.

शेणाची पाटी जाऊ कुशाबाईला. माझ्या डोक्यावर ती बघून रोज म्हणायची, "मालकीणबाई, मोटारीतनं न्या की."

मोटार. कळा सुरू झाल्यावर मला तिच्यातनं बारामतीला न्हेलं, आन् तरीबी मी मेले, तर मोटार मोहनरावांची. न्हेलं न्हाय आन् मेले, तर मोटार नकोशीची. ती चार वर्षांची हाय. मोहनरावांच्या वकिलानं तिच्याशी बोलावं. मी जगले तर सही करून मोटार परत दीन, अक्षर आणिक चांगलं काढीन.

हे कुणाच्या सांगण्यावरनं लिवलं न्हाय, असं शेवटाला लिवायचं असतंय म्हणं. पर मोहनरावांच्या सांगण्यावरनंच लिवलंय.

ठिकाण लासुर्णे, तालुका इंदापूर. ४ फेब्रुवारी १९५७.

सही: रतन संभाजी थोरवे

साक्षीदार: सावळाराम मास्तर, सही
छबूबाई सुईण, डाव्या हाताचा अंगठा

(खाली मोहनरावांच्या हातचं)
वाचलं. कबूल. गादीवर गोधडी टाकावी.