बेटावरची सातवी गोष्ट

आर्गिरिस,

तुझा 'आमच्या बेटावर बघण्यासारख्या दहा गोष्टी' हा लेख वाचला. सातवी गोष्ट आपलंच घर! 'किल्ली दारालाच असते. बिनधास्त आत जा, म्हातारी खाऊ घालते.'

बाबा जाऊन चाळीस दिवस झाले, त्या दिवशीच्या विधीलाही तू कामाचं निमित्त सांगून अथेन्समध्येच राहिलास. तुझा लेख हातात धरून पाच पर्यटक मात्र आले. बाबांच्या नावाने वाटायचे उकडलेले गहू चाखून म्हणाले, "वा, गोड आहे!" आणि दुखवट्याच्या काळ्या कपड्यांतल्या आईचे फोटो काढायला लागले.

मी त्यांना हाकलायला उठले, तर आई म्हणाली, "बस गं! आर्गिरिसला यायला जमलं नाही, म्हणून त्याने माणसं पाठवलीत."

तुझे आभार मानायला तिनेच मला लिहायला बसवलंय. हे फाडते आणि तेवढे आभार लिहून पाठवते.

घरी राहिलेली,
फोटिनी