बोंग्क्रेकची पिवळी वडी

३ जून १९९१
जावा बेटावरील बान्यूमासजवळच्या या खेड्यात आज बिऱ्हाड थाटले. खोली हवेशीर आहे. खिडकीसमोर नारळीची रांग. घरमालकीण तार्मी बोलघेवडी. माझी दरबारी थाटाची आदरार्थी जावानीज ऐकून म्हणाली, "गुरुजी, तुमच्याशी बोलायचं तर आधी आंघोळ करून यावं लागेल." शेजारी दार्कुम एकटाच राहतो. खोबऱ्याच्या चोथ्याला बुरशी लावून केलेल्या बोंग्क्रेकच्या वड्या तो पूर्वी विकत असे. येथे शिक्षिका असलेली माझी मुलगी रेत्नो त्याच्याच हातची वडी खाऊन गेली. तिचे प्रेत शहरात आले, म्हणून मला येथे कोणी ओळखत नाही. मन प्रसन्न आहे.

९ जून
जन्मभर मी जिवाणूशास्त्र शिकवले. वडीत पिवळी छटा आणणारा जिवाणू माजला, की त्याचे विष पेशीतील ऊर्जाघराच्या पडद्यापर्यंत पोहोचते. त्या पडद्यातील एक प्रथिन द्वारपालासारखे तयार ऊर्जा बाहेर सोडते. विष त्यालाच जखडते. जणू चूल पेटलेली, भात शिजलेला आणि स्वयंपाकघराचे दार बंद. तळल्याने विष जात नाही; चवही बदलत नाही. रेत्नो शेवटपर्यंत शुद्धीवर होती.

१४ जून
तार्मीने घरी बुरशी लावून केलेली बोंग्क्रेकची एक वडी पिवळी निघाली. तिने नाक मुरडून ती उकिरड्यावर फेकली. मी उचलली. तार्मी बाजारात गेली असता हळदीच्या पिठात घोळवून तळली. उद्या तिच्या दिवंगत नवऱ्याच्या स्मृतीसाठी स्लामेतान, म्हणजे शेजाऱ्यांसह प्रार्थना आणि जेवण, आहे. प्रार्थनेनंतर पाहुणे आपापला वाटा केळीच्या पानात घरी नेतात.

१५ जून
दार्कुमच्या पानात वडी मीच ठेवली. त्याने मान वर केली नाही. पुटपुटला, "माझ्यासारख्याला कशाला एवढं, गुरुजी?" मी अत्यंत आदरार्थी भाषेत म्हणालो, "घ्यावे. आपल्यासाठीच आहे."

१६ जून, सकाळ
तार्मीची नारळाच्या रसातली भाजी उत्कृष्ट. दार्कुम अंगण झाडतो आहे. अजून?

दुपार
दार्कुम लाकडे फोडतो आहे. ठणठणीत. मला घाम — उन्हामुळे असावा.

सायंकाळ
अक्षरे दोन-दोन दिसतात. तार्मीला वडीचे विचारले. हसत म्हणाली, "ती मास्तरीणबाई गेल्यापासून दार्कुम बोंग्क्रेकला शिवत नाही. कालच परत देऊन गेला, गुरुजींना वाढ म्हणाला. सकाळी भाजीत कुस्करली की. बोटं चाटत होतात."

चूल पेटलेली. दार —

पाय हलत नाहीत. ती चुलीपाशी बसली आहे. उरलेली भाजी स्वतःच्या पानात वाढून —

ओरडतो आहे. आवाज फुटत —

तार्मी, तो घास